पहिला कॅमेरा, पहिला प्रवास : कॅनन ईओएस आर५० आणि निघण्यापूर्वीची तयारी

पहिला कॅमेरा घेऊन प्रवासाला निघणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, तो म्हणजे या कॅमेऱ्याने फोटो चांगले येतील का. भरपूर उजेडात आजचा कोणताही नामांकित कॅमेरा उत्तम फोटो देतो, त्यामुळे हा प्रश्न फारसा उपयोगाचा उरलेला नाही. नवशिक्याने त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत : हा कॅमेरा दिवसभर गळ्यात वागवता येईल का, आणि समोरचा क्षण निसटण्याआधी तो न अडखळता चालवता येईल का. कॅनन ईओएस आर५० पहिल्या प्रश्नाला निःशंक होकार देतो. दुसऱ्याला मात्र तो अर्धेच उत्तर देतो, आणि उरलेले अर्धे निघण्यापूर्वीच्या तयारीतून मिळवावे लागते. म्हणूनच या परीक्षणात यंत्राचे गुणदोष आणि त्यासाठी करायची तयारी मी वेगवेगळी मांडलेली नाही.

आर५० फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यात २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी या मध्यम आकाराचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, आहे, आणि बॅटरी व कार्ड धरून त्याचे वजन सुमारे ३७५ ग्रॅम भरते. त्यासोबत मिळणारी १८-४५ मिलिमीटरची झूम लेन्स (मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद) १३० ग्रॅमची आहे, म्हणजे संपूर्ण साहित्य अर्ध्या किलोच्या आसपास राहते. हा आकडा कागदावर साधा वाटतो, पण दिवसभर चालून थकल्यावर बॅगेत जाऊन बसणारा कॅमेरा आणि शेवटपर्यंत हातात राहणारा कॅमेरा यांतला फरक याच आकड्यात आहे. पकड लहान आहे. मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी खाली लोंबकळत राहते, तेव्हा घेण्यापूर्वी तो एकदा हातात धरून पाहावा. कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, आहे, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो, कारण भर उन्हात मागच्या पडद्यावर काहीच धड दिसत नाही आणि डोळ्याशी लावलेला कॅमेरा हातात अधिक स्थिरही राहतो.

सोबतची लेन्स बंद असताना मिटलेली असते आणि फोटो घेण्यापूर्वी तिचे झूमचे कडे फिरवून तिला उघडावे लागते. कॅमेरा सुरू केला आणि लेन्स मिटलेलीच असली, तर पडद्यावर फोटोऐवजी सूचना दिसते. घरी बसून हे अगदी क्षुल्लक वाटते. प्रत्यक्ष प्रवासात मात्र समोरून काहीतरी विलक्षण जात असताना उजव्या हाताने बटण आणि डाव्या हाताने कडे, ही हालचाल एकाच झटक्यात व्हायला हवी. ती विचार न करता होऊ लागेपर्यंत रोज थोडा वेळ करावी. कॅमेरा बॅगेतून काढणे, झाकण काढणे, लेन्स उघडणे, डोळ्याला लावणे आणि फोटो घेणे, ही सगळी साखळी एकदा हातात बसली की पुढचे बरेच काही सोपे होते. चालताफिरता लेन्स उघडीच ठेवावी आणि कॅमेरा बॅगेत ठेवतानाच ती मिटावी, असा माझा सल्ला आहे.

या कॅमेऱ्याची खरी ताकद फोकसमध्ये आहे. कॅननची ड्युअल पिक्सेल सीमॉस एएफ टू ही प्रणाली यात आहे आणि ती माणसे, प्राणी-पक्षी व वाहने ओळखते. माणूस चौकटीत आला की चौकोन आधी चेहऱ्यावर आणि मग डोळ्यावर जाऊन बसतो, माणसाने मान फिरवली तरी त्याचा माग धरतो, आणि पुन्हा चेहरा दिसताच डोळ्यावर परततो. फोकसचा बिंदू कुठे ठेवायचा आणि तो वेळेत कसा हलवायचा हे एकेकाळी नवशिक्याचे पहिले मोठे संकट असे. ते ओझे इथे जवळजवळ उतरले आहे, आणि मोकळे झालेले लक्ष उजेडाकडे व रचनेकडे देता येते. तरीही एक गोष्ट शिकून घ्यावी. यंत्राने निवडलेला विषय आपल्याला नको असेल, उदाहरणार्थ गर्दीत मागच्या माणसाच्या चेहऱ्यावर चौकोन गेला असेल, तर डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतानाच अंगठा मागच्या पडद्यावर सरकवून फोकस दुसरीकडे नेण्याची सोय या कॅमेऱ्यात आहे. फोकससाठी वेगळी जॉयस्टिक नसल्याने हा अंगठाच तिचे काम करतो. ही सोय मेन्यूतून सुरू करून ठेवावी आणि घरातल्या माणसांवर तिचा सराव करावा.

फोकसची सोय अशी मोकळ्या हाताने दिलेली असली, तरी नियंत्रणाच्या बाबतीत कॅमेऱ्याने हात आखडता घेतला आहे. मूल्ये बदलण्यासाठी यात एकच मुख्य डायल आहे. मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि ॲपर्चर (लेन्सचे भोक किती उघडते) ही दोन्ही मूल्ये त्याच डायलने बदलावी लागतात आणि मध्ये बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर जावे लागते. शांतपणे निसर्गदृश्य टिपताना त्याचा त्रास होत नाही. चालत्या गर्दीत मात्र होतो. त्यामुळे नवशिक्याने पहिल्या प्रवासात मॅन्युअल मोडचा हट्ट धरू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. स्थिर विषयांसाठी ॲपर्चर प्रायोरिटी म्हणजे एव्ही, हलत्या विषयांसाठी शटर प्रायोरिटी म्हणजे टीव्ही, आणि दोन्हीत आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, एवढे दोन मोड पुरेसे आहेत; त्यांत नावातले मूल्य आपण ठरवतो आणि दुसरे कॅमेरा. कॅमेऱ्यातील पूर्ण स्वयंचलित ए-प्लस मोड वाईट नाही, आणि ज्याला फक्त आठवणी टिपायच्या आहेत त्याने तो निःसंकोच वापरावा. पण तो शटर स्पीड ठरवताना समोरचे मूल धावणार आहे की बसणार आहे हे आपल्याइतके जाणत नाही, आणि प्रवासातले कितीतरी फोटो नेमके तिथेच बिघडतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे कमी उजेड. सोबतच्या लेन्सचे ॲपर्चर १८ मिलिमीटरवर एफ/४.५ आणि ४५ मिलिमीटरवर एफ/६.३ आहे; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात ४५ मिलिमीटरवर, एफ/६.३ आणि १/३० सेकंद ठेवले, तर आयएसओ साधारण ३२०० लागतो. बसलेल्या माणसासाठी हे चालते. तोच माणूस हातवारे करत बोलू लागला की १/३० ला त्याचे हात हललेले दिसतात, आणि ते थांबवायला १/२५० हवे. म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर आला, आणि आयएसओ २५६०० वर गेला. या कॅमेऱ्याची आयएसओची नेहमीची कमाल मर्यादा ३२००० आहे, म्हणजे आपण जवळजवळ टोकाला पोहोचलो. फोटो येतो, पण त्यात दाणेदारपणा भरपूर असतो आणि त्वचेचे बारीक पोत पुसले जातात.

हे गणित निघण्यापूर्वी स्वतः करून पाहावे, कारण प्रवासातले कितीतरी लोभस प्रसंग संध्याकाळी, खोल्यांच्या आत आणि दिव्यांच्या उजेडातच घडतात. त्यातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत आणि ते तिन्ही नवशिक्याच्या आवाक्यातले आहेत. पहिला मार्ग फुकटचा आहे : झूम करून लांबून फोटो घेण्याऐवजी लेन्स १८ मिलिमीटरवर आणावी आणि दोन-चार पावले पुढे जावे. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/४.५ ला जवळपास दुप्पट उजेड आत येतो, आयएसओ २५६०० वरून १२८०० वर उतरतो, आणि जवळून घेतलेल्या फोटोत त्या जागेचा भागही दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे विषय स्थिर असेल तेव्हा लेन्समधील स्थिरीकरणावर विसंबणे. हाताच्या कंपासाठी जुना नियम असा आहे की शटर स्पीड निदान लेन्सच्या लांबीच्या, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, व्यस्तांकाएवढा हवा. एपीएस-सी सेन्सरमुळे कॅननमध्ये ती लांबी १.६ ने गुणावी लागते, म्हणजे ४५ मिलिमीटरला सुमारे १/८० सेकंद. या लेन्सच्या स्थिरीकरणाचा दावा चार स्टॉपांचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मी त्याचा पुरा फायदा कधीच धरत नाही, पण श्वास रोखून आणि कोपर अंगाशी टेकवून १/१५ सेकंदाला इमारतीचा अंतर्भाग टिपता यायला हवा, आणि तो येतो. रात्रीच्या देखाव्यासाठी कॅमेऱ्यात एक खास मोडही आहे, तो हातात धरूनच सलग काही फोटो घेतो आणि त्यांचा एक फोटो करतो.

तिसरा मार्ग म्हणजे एक लहान प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स. कॅननची आरएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स १६० ग्रॅमची आहे, आणि एफ/६.३ च्या तुलनेत तिच्यातून सुमारे बारापट उजेड आत येतो. वरच्या उदाहरणातला २५६०० चा आयएसओ त्यामुळे दोन हजारांच्या आसपास उतरतो, आणि त्या दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरीही प्रवासासाठी मी तिच्याऐवजी आरएफ २८ मिलिमीटर एफ/२.८ सुचवेन. ५० मिलिमीटरची लेन्स या सेन्सरवर ८० मिलिमीटरसारखी वागते, आणि अरुंद खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी समोरच्या दोन माणसांचे फक्त चेहरेच चौकटीत मावतात. २८ मिलिमीटरची लेन्स मात्र ४५ मिलिमीटरसारखी, म्हणजे आपल्या नैसर्गिक नजरेच्या जवळची वाटते, वजनाला फक्त १२० ग्रॅम आहे आणि इतकी चपटी आहे की ती लावलेला कॅमेरा मोठ्या खिशातही जातो. एफ/६.३ च्या तुलनेत तिच्यातून पाचपट उजेड येतो. एक सावधगिरी या दोन्ही लेन्सना लागू आहे : त्यांच्यात स्थिरीकरण नाही आणि आर५० च्या बॉडीतही सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा नाही, त्यामुळे २८ मिलिमीटरला निदान १/६० आणि ५० मिलिमीटरला निदान १/८० सेकंद राखलेच पाहिजे.

भर उन्हातला प्रश्न याच्या उलट असतो. तिथे उजेड मुबलक असतो, आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवले की शटर स्पीड १/४०० च्या आसपास येतो आणि हात हलण्याची चिंता राहत नाही, पण ऊन आणि सावली यांतला फरक सेन्सरच्या आवाक्याबाहेर जातो. अंधाऱ्या कमानीतून बाहेरचे अंगण टिपायला गेलो, तर कमान धरून मोजमाप केल्यास अंगण आणि आकाश पांढरेफटक पडते. पांढरेफटक पडलेल्या भागात माहितीच उरत नाही, त्यामुळे तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. काळवंडलेली सावली मात्र बऱ्याच प्रमाणात उजळवता येते. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) उणे १/३ किंवा उणे २/३ वर नेण्याची सवय लावावी, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, दिसेल अशी मांडणी निवडावी. आर५० सारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याचा एक मोठा फायदा असा की फोटो घेण्यापूर्वीच तो किती उजळ येणार हे डोळ्याला दिसते. नवशिक्याने या दिसण्यावर विश्वास ठेवायला शिकावे, कारण एक्स्पोजर समजून घेण्याचा याहून जलद मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

याच कारणासाठी फोटो रॉ (सेन्सरची कच्ची माहिती) आणि जेपेग (तयार फोटो) अशा दोन्ही स्वरूपांत साठवावेत. जेपेग लगेच पाठवायला उपयोगी पडतो, आणि रॉमध्ये सावल्या उजळण्याला व रंग सुधारण्याला बरीच मोकळीक राहते. रॉ फाइल जागा खाते, पण आर५० मध्ये सी-रॉ नावाचा आटोपशीर पर्यायही आहे, तो जवळपास निम्मी जागा वाचवतो आणि नवशिक्याच्या कामाला पुरेसा आहे. एक व्यावहारिक गोष्ट लक्षात असू द्यावी की रॉमध्ये सलग फोटो घेत राहिल्यास या कॅमेऱ्याची अंतर्गत स्मृती लवकर भरते आणि वेग मंदावतो. कॅनन सांगते तो सेकंदाला १२ फोटोंचा आकडा खरा असला, तरी तो थोड्याच क्षणांपुरता आहे. वेगवान हालचाल टिपायची असेल, तर तेवढ्यापुरते फक्त जेपेग निवडावे.

शटरबद्दल एक बारीक पण उपयोगाची माहिती अशी की या कॅमेऱ्यात पूर्णपणे यांत्रिक शटर नाही. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो, किंवा सगळेच शटर इलेक्ट्रॉनिक ठेवता येते. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज होत नाही, त्यामुळे शांतता पाळायच्या जागी ते मोलाचे आहे. पण धावत्या वाहनाच्या खिडकीतून त्याने फोटो घेतला, तर जवळचे खांब तिरपे येतात, आणि काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शांतता हवी असेल तिथेच ते वापरावे आणि काम झाले की परत नेहमीच्या शटरवर यावे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात करायची मांडणी फारशी नाही, पण तिच्यातले एकेक काम राहिले की त्रास पूर्ण प्रवासभर होतो. व्ह्यूफाइंडरजवळचे डायऑप्टर आपल्या नजरेप्रमाणे, चष्मा लावत असल्यास चष्म्यासकट, आतली अक्षरे ठळक दिसेपर्यंत जुळवावे. ते न केल्याने चांगला फोकस असूनही फोटो धूसर वाटतो आणि माणूस विनाकारण लेन्सला दोष देत बसतो. तारीख, वेळ आणि टाइम झोन तपासावेत, कारण महिन्यांनी फोटो लावायला बसल्यावर कोणता फोटो कोणत्या दिवशीचा हे केवळ त्यावरून कळते. फोनमध्ये कॅननचे कॅमेरा कनेक्ट हे ॲप घालून जोडणी घरच्या वाय-फायबाहेर, म्हणजे अंगणात किंवा रस्त्यावर, करून पाहावी. त्यातून फोटो फोनवर घेता येतात, फोनचे स्थान फोटोत नोंदवता येते आणि फोन रिमोटसारखाही वापरता येतो. फोकसचा बीप आवाज आणि फोकसला मदत करणारा दिवा, दोन्ही बंद करावेत. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

कार्डाची खोबण एकच आहे, आणि ती यूएचएस-वन प्रकारची आहे. त्यामुळे महागडे यूएचएस-टू कार्ड घेऊन कॅमेऱ्यात जास्तीचा वेग मिळत नाही. व्ही३० खूण असलेले, खात्रीच्या उत्पादकाचे कार्ड फोर-के चित्रीकरणालाही पुरते, कारण ती खूण सेकंदाला निदान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी देते. एका प्रचंड क्षमतेच्या कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन कार्डे मला अधिक सुरक्षित वाटतात. एकेका कार्डात रॉ आणि जेपेग मिळून दीड-दोन हजार फोटो मावतात, आणि एखादे कार्ड हरवले वा बिघडले तरी सगळा प्रवास त्याच्याबरोबर जात नाही. दुसरी खोबण नसल्याने रोज रात्री प्रत काढणे हाच एकमेव विमा आहे. लॅपटॉप नसेल तर फोनला जोडता येणारा कार्ड रीडर आणि लहानशी एसएसडी एवढ्याने काम भागते. फोटो दोन ठिकाणी पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

बॅटरी एलपी-ई१७ जातीची आहे, ७.२ व्होल्ट आणि १०४० एमएएच, म्हणजे जेमतेम साडेसात वॉट-तासांची. व्ह्यूफाइंडर वापरला की ती मागच्या पडद्यापेक्षा लवकर उतरते, आणि थंडीत आणखी लवकर. दिवसभर फिरणाऱ्याने एका बॅटरीवर निघू नये. जास्तीची एक बॅटरी हवीच, आणि थंड प्रदेशात ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबी-सी केबलने भरता येते. मात्र त्यासाठी यूएसबी पॉवर डिलिव्हरी देणारा चार्जर किंवा पॉवर बँक लागते, आणि तशी प्रत्येक पॉवर बँक या कॅमेऱ्याशी जुळेलच असे नाही, म्हणून आपली पॉवर बँक घरीच लावून पाहावी. विमानाने जाणाऱ्यांसाठी नियम साधा आहे : सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, त्यामुळे ती या मर्यादेत बसते. सुट्या बॅटरीची टोके झाकलेली असावीत, म्हणजे किल्ल्या किंवा नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाहीत.

हवामानाच्या बाबतीत आर५० नाजूक आहे. महाग कॅमेऱ्यांत धूळ-पाणी रोखणारे सील असतात, तसे यात नाहीत. तुरळक थेंब पुसून काम चालवता येईल, पण पाऊस, समुद्राचे फवारे आणि उडती वाळू यांत तो उघडा ठेवणे धोक्याचे आहे. पावसाळी ठिकाणी साधे प्लॅस्टिकचे आवरण बरोबर असावे. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली आणि पाठ वाऱ्याकडे करावी, कॅमेरा आधी बंद करावा आणि दुसरी लेन्स आधीच सैल करून हाताशी ठेवावी, म्हणजे सेन्सर कमीत कमी वेळ उघडा राहतो. दमट हवेत आणखी एक त्रास होतो. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच थंड काचेवर बाष्प जमते आणि पुसले तरी पुन्हा जमते. बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी कॅमेरा बंद पिशवीत घालून पिशवीसकट खोलीबाहेर ठेवला, की तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो आणि बाष्प पिशवीवर जमते. पहाटेचा उजेड पकडायला निघणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण सूर्य क्षितिजाशी असतानाचा मऊ उजेड काच कोरडी होईपर्यंत थांबत नाही.

बाकीच्या साहित्याबद्दल मी हात राखूनच सांगेन. लेन्सचे हूड, म्हणजे पुढे लावायचे छज्जासारखे कडे, वेगळे घ्यावे लागते आणि ते घ्यावे, कारण ते तिरप्या उन्हापासून आणि धक्क्यापासूनही वाचवते. सोबतच्या लेन्सच्या तोंडाला बसणारा ४९ मिलिमीटरचा पोलरायझर फिल्टर पाने, पाणी आणि काच यांवरची चकाकी सुरेख कापतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे संध्याकाळी तो काढून ठेवावा. ट्रायपॉड पहिल्या प्रवासात बहुतेकांच्या खोलीतच पडून राहतो. रात्रीचे आकाश किंवा लांब एक्स्पोजरचे पाणी टिपायचे पक्के ठरले असेल तरच तो न्यावा.

सरावासाठी वेगळ्या जागी जायची गरज नाही. एकाच खिडकीशी एकाच माणसाला सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बसवून फोटो घ्यावेत. उजेडाची दिशा बदलली की चेहरा किती बदलतो, हे त्यातून जितके कळते तितके वाचून कळत नाही. रस्त्यावरच्या सायकली १/६०, १/२५० आणि १/१००० ला टिपाव्यात आणि मोठ्या पडद्यावर चाकांच्या आऱ्या पाहाव्यात, म्हणजे कोणता वेग कशासाठी हे पाठ करावे लागत नाही. अनोळखी माणसाला विचारून त्याचा फोटो घेण्याचा सरावही इथेच करावा. मान्यतेची मान हलेपर्यंत थांबणे, नकार मिळाला तर कॅमेरा लगेच खाली घेणे आणि काढलेला फोटो दाखवणे, या गोष्टी परक्या ठिकाणी प्रथमच करायला गेल्यास संकोच आड येतो.

एवढे सगळे मोजून मी आर५० नवशिक्या प्रवाशाला सुचवतो का? होय, आणि आनंदाने सुचवतो, पण सर्वांना नाही. ज्याला मॅन्युअल मोडमध्येच शिकायचे आहे आणि दोन डायल हवेत, त्याने निकॉनचा २०२४ चा झेड५०-टू पाहावा. मात्र त्याची बॉडीच बॅटरी-कार्डासह ५५० ग्रॅमची आहे, हे ध्यानात घ्यावे. पावसात आणि धुळीत काम करणाऱ्याने सील असलेला कॅमेरा घ्यावा. उरलेल्या, म्हणजे कुटुंबाबरोबर फिरणाऱ्या, वजनाला कंटाळणाऱ्या आणि माणसांचे फोटो आवडणाऱ्या मोठ्या वर्गासाठी, १८-४५ आणि २८ मिलिमीटर या दोन लेन्सांसह हा संच मला पुरेसा वाटतो.

५५-२१० मिलिमीटरची दुसरी झूम असलेला जोडसंच मात्र पहिल्याच फेरीत घेऊ नये. तिचे ॲपर्चर एफ/५ ते एफ/७.१ आहे, त्यामुळे ती संध्याकाळी फारशी कामी येत नाही, आणि आपल्याला लांबचे फोटो खरोखर हवे असतात का हे पहिल्या प्रवासापूर्वी कळलेलेही नसते. परत आल्यावर आवडलेले फोटो वेगळे काढावेत आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत नोंदलेली लेन्सची लांबी पाहावी. त्यातले बरेच ४५ मिलिमीटरला घेऊन नंतर कडा कापून जवळ आणलेले असतील, तर ५५-२१० आपल्यासाठी आहे. बरेचसे १८ मिलिमीटरला अडकलेले आणि तरीही इमारतीचा माथा कापलेले असतील, तर १५० ग्रॅमची आरएफ-एस १०-१८ मिलिमीटर घ्यावी. आणि आवडलेल्या फोटोंत २८ मिलिमीटरचेच अधिक निघाले, तर तूर्त काहीच घेऊ नये.